गुठळी मोठी, तरी इंजेक्शन का नाही?

गेल्या अंकात लांबच्या प्रवासानंतर पोटरीत होणाऱ्या रक्ताच्या गुठळीविषयी लिहिले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे त्या गुठळीच्या पुढच्या मुक्कामाविषयी, म्हणजे फुप्फुसाविषयी, आणि त्यातही गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनाविषयी आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या तिन्हींचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. दिवाळीच्या आधी न्हाणीघरात घसरून त्यांचे मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि बाराव्या दिवशी, काठी घेऊन चार पावले चालताना, त्यांना एकाएकी धाप लागली व छातीत दुखू लागले. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या मुख्य रक्तवाहिन्यांत गुठळ्या आढळल्या. अहवालात ‘सॅडल’ असा शब्द आहे. डॉक्टरांनी हेपारिन दिले, परंतु गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले नाही. त्याच सुमारास शेजारच्या ४१ वर्षांच्या ताईंना हाच आजार झाला. त्यांच्या गुठळ्या अहवालानुसार लहान होत्या, तरी दुसऱ्या रुग्णालयात त्यांना ते इंजेक्शन ताबडतोब दिले गेले. वडील आता घरात हिंडतात-फिरतात, पण आमचे काका म्हणतात की डॉक्टरांनी हयगय केली. आपले मत काय? — एक वाचक, कराड

उत्तर : आपण सीटीच्या अहवालातील शब्द जसेच्या तसे उतरवले आहेत, परंतु त्या दिवशी वडिलांचा रक्तदाब किती होता हे पत्रात कोठेच नाही. शेजारच्या ताईंचाही नाही. हे इंजेक्शन द्यायचे की नाही याचा निर्णय ज्या आकड्यावरून सर्वांत आधी ठरतो, तोच नेमका राहून गेला आहे. यात आपला दोष नाही. घरी परतताना नातेवाइकांच्या हाती फिल्म आणि अहवाल पडतो, रक्तदाबाचा तक्ता फायलीतच राहतो.

गुठळी तयार होते ती बहुधा पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल नीलेत. रक्तप्रवाह मंदावणे, शिरेच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणे ही तिची तीन कारणे जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने शिकवली जातात, आणि खुब्याचे हाड मोडून खाटेवर पडलेल्या माणसात ती तिन्ही एकदमच हजर असतात. सुटलेली गुठळी पोटातील महानीलेतून वर सरकते, हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून पार होते आणि फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमनीत जाऊन अडकते. ही धमनी जेथे उजवी-डावी अशी दुभंगते त्या बेचक्यात लांबट गुठळी दोन्हीकडे पाय सोडून बसली, की तिला ‘सॅडल’, म्हणजे खोगीर, म्हणतात. शब्द ऐकून धडकी भरते खरी, पण तो गुठळीची जागा सांगतो, आजाराचे गांभीर्य सांगत नाही. अशी खोगीरगुठळी असूनही खाटेवर बसून चहा पिणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

गांभीर्य ठरते हृदयाच्या उजव्या बाजूवर. डावा कप्पा आयुष्यभर साऱ्या शरीराला रक्त पुरवतो, म्हणून त्याची भिंत जाड आणि कसलेली असते. उजव्या कप्प्याचे काम हलके. फुप्फुसातला दाब जेमतेम २५ च्या आसपास असतो, त्यामुळे त्याची भिंत ३ ते ५ मिलिमीटरच जाडीची असते. पुढची वाट एकाएकी बंद झाली की हा नाजूक कप्पा फुगतो. टूडी इको करताना हे पडद्यावर साध्या डोळ्यांनी दिसते. एरवी चंद्रकोरीसारखा डाव्या कप्प्याला बिलगून असणारा उजवा कप्पा फुगून त्याच्याएवढा किंवा त्याहून मोठा होतो, मधला पडदा डावीकडे ढकलला जातो आणि गोल दिसणारा डावा कप्पा एका बाजूने चेपल्यासारखा दिसू लागतो. मग डाव्या बाजूला भरायला रक्तच कमी पोहोचते, रक्तदाब कोसळतो, हातपाय गार पडतात, गळ्याच्या शिरा टरारून वर येतात. वरचा रक्तदाब ९० च्या खाली जाऊन तेथेच राहिला, किंवा नेहमीपेक्षा ४० ने उतरून पंधरा मिनिटांहून अधिक काळ तसाच राहिला, किंवा तो टिकवण्यासाठी सलाईनमधून औषध सुरू ठेवावे लागले, तर त्या रुग्णाला अतिजोखमीचा मानतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे ते अशा रुग्णासाठी. आधीच दमा असलेल्या किंवा हृदय दुर्बल असलेल्या रुग्णाला लहान गुठळीही या टोकाला नेऊ शकते, आणि धडधाकट हृदय मोठी गुठळीही पेलून धरते. शेजारच्या ताईंच्या बाबतीत काय झाले असेल, याचा अंदाज आपल्याला यावरून बांधता येईल.

आता हेपारिनविषयी. हेपारिन आणि आपण ज्यांना सरसकट ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या’ म्हणतो ती औषधे गुठळी विरघळवत नाहीत. (रक्त पातळही करत नाहीत, पण हा शब्द आता इतका रुळला आहे की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.) ती नवे रक्त गोठू देत नाहीत, म्हणजे असलेली गुठळी वाढत नाही आणि पायातून दुसरी सुटण्याचा धोका घटतो. असलेली गुठळी साफ करण्याचे काम शरीर स्वतः करते. रक्तात प्लास्मिनोजेन नावाचे प्रथिन निजल्यासारखे असते; ते जागे झाले की त्याचे प्लास्मिन बनते आणि ते गुठळीला बांधून ठेवणारे फायब्रिनचे जाळे कुरतडते. या कामाला दिवस, कधी आठवडे लागतात. हेपारिन शरीराला तेवढी सवड मिळवून देते. ही सवड किती मोलाची असते ते ब्रिस्टल येथील एका छोट्या चाचणीत १९६० साली दिसले. रक्त न गोठू देणारे औषध मिळालेल्या १६ रुग्णांपैकी एकही फुप्फुसातील गुठळीने दगावला नाही आणि ते न मिळालेल्या १९ पैकी ५ दगावले. त्यानंतर औषधाशिवाय ठेवलेल्या रुग्णांशी तुलना करण्याचे धाडस कोणी केले नाही, हे योग्यच झाले. तेव्हा वडिलांना ‘नुसते हेपारिन’ दिले असे आपल्या काकांनी म्हणू नये. या आजाराचा मूळ उपचार तोच आहे.

गुठळी विरघळवणारी औषधे निजलेल्या प्लास्मिनोजेनला एकदम आणि मोठ्या प्रमाणावर जागे करतात. यातले पहिले औषध जंतूंनीच दाखवून दिले. स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू फायब्रिनचे जाळे विरघळवतात, हे अमेरिकेत विल्यम टिलेट यांना १९३३ साली आढळले आणि त्यातून स्ट्रेप्टोकायनेज हाती आले. पुढे मानवी मूत्रातून युरोकायनेज मिळाले, त्यानंतर रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून पाझरणाऱ्या नैसर्गिक द्रव्याची नक्कल म्हणून आल्टेप्लेज आले आणि त्यात फेरफार करून टेनेक्टेप्लेज बनले. आल्टेप्लेज रक्तात काही मिनिटेच टिकते, म्हणून १०० मिलिग्रॅम औषध पंपावर दोन तास सोडतात. टेनेक्टेप्लेज अधिक टिकते, म्हणून ते वजनाप्रमाणे ३० ते ५० मिलिग्रॅम एकाच दमात शिरेत देता येते. भारतात हृदयविकाराच्या झटक्यासाठी टेनेक्टेप्लेज बऱ्यापैकी सर्वत्र मिळते आणि ते पुण्यातही तयार होते. मी शिकाऊ डॉक्टर होतो तेव्हा आमच्या वॉर्डात फक्त स्ट्रेप्टोकायनेज असे. अर्ध्या तासात अडीच लाख युनिट आणि मग ताशी एक लाख याप्रमाणे ते चोवीस तास चाले. मध्येच रुग्णाला हुडहुडी भरून ताप चढे आणि नातेवाइकांना वाटे की औषध उलटले.

मग इतके चांगले औषध सर्वांनाच का देऊ नये? हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता आणि त्याचे उत्तर मिळायला काही दशके गेली. युरोकायनेजची तुलना हेपारिनशी करणारी अमेरिकेतील चाचणी १९७० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील १६० रुग्णांत पहिल्या चोवीस तासांत युरोकायनेजने गुठळ्या झपाट्याने कमी केल्या, पण दोन आठवड्यांनी दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही आणि मृत्यूंच्या संख्येतही ठळक फरक पडला नाही. याउलट १९९५ साली मेक्सिकोतील एका चाचणीत रक्तदाब कोसळलेले फक्त आठ रुग्ण होते. स्ट्रेप्टोकायनेज मिळालेले चारही जगले, हेपारिन मिळालेले चारही दगावले आणि चाचणी तेथेच थांबवण्यात आली. आठ ही संख्या नगण्य आहे, हेपारिनच्या गटातले रुग्ण उशिरा पोहोचले होते, या सगळ्या त्रुटी मान्य करूनही, रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला हे औषध रोखून धरण्याची तयारी त्यानंतर क्वचितच कोणी दाखवली.

खरा वाद मधल्या रुग्णांविषयी होता, म्हणजे ज्यांचा रक्तदाब टिकून आहे, पण इकोमध्ये उजवा कप्पा फुगलेला आहे आणि रक्तात हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण असलेले ट्रोपोनिन वाढलेले आहे, अशांविषयी. आपले वडील बहुधा याच गटात मोडत असावेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पायथो’ या युरोपीय चाचणीत अशा १००५ रुग्णांचा अभ्यास झाला. पहिल्या आठवड्यात मृत्यू येण्याचे किंवा रक्तदाब कोसळण्याचे प्रमाण हेपारिनच्या गटात ५.६ टक्के होते, तर टेनेक्टेप्लेजही दिलेल्या गटात २.६ टक्के. येथवर वाचून आपल्या काकांचे म्हणणे खरे वाटेल. परंतु त्याच चाचणीत मेंदूत रक्तस्राव झाला तो टेनेक्टेप्लेजच्या गटातील १० जणांना आणि हेपारिनच्या गटातील एकाला. पहिल्या आठवड्यातले मृत्यू अनुक्रमे ६ आणि ९, म्हणजे ज्यावर विसंबून निर्णय घ्यावा एवढा फरक नाही. रक्तदाब कोसळण्यापासून ज्यांना वाचवले, त्यांतील बहुतेकांना तो कोसळल्यानंतरही इंजेक्शन देऊन वाचवता आले असते. मेंदूत झालेला रक्तस्राव मात्र परत फिरवता येत नाही. म्हणून अशा रुग्णाला हेपारिनवर ठेवून अतिदक्षता विभागात दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहायचे आणि रक्तदाब घसरू लागला तरच इंजेक्शन द्यायचे, अशी रीत आता बहुतेक ठिकाणी आहे. मला ती पटते. इंजेक्शन न देणे म्हणजे काहीच न करणे, असा समज आपल्याकडे फार पक्का आहे. त्या दोन-तीन दिवसांत परिचारिकांना तासातासाला जे पाहावे लागते ते पाहिलेला माणूस असे म्हणणार नाही.

वडिलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. हे औषध फुप्फुसातील वाईट गुठळी आणि शरीरात इतरत्र कामाला आलेली चांगली गुठळी असा भेद करत नाही. शस्त्रक्रियेच्या जखमेत, मोडलेल्या हाडाच्या टोकांशी, सुई टोचलेल्या जागी शरीराने रक्त थांबवण्यासाठी घातलेले सगळे बांध ते फोडते. म्हणून मागच्या तीन आठवड्यांत मोठी शस्त्रक्रिया, मोठी दुखापत किंवा डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला ते देणे टाळतात. पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव झालेला असणे, गेल्या सहा महिन्यांत अर्धांगाचा झटका आलेला असणे, मेंदूत अर्बुद असणे, रक्तस्राव चालू असणे, ही आणखी काही ठळक निषिद्धे होत. वडिलांची शस्त्रक्रिया होऊन बाराच दिवस झाले होते. त्यांना इंजेक्शन दिले असते आणि खुब्यात लिटरभर रक्त साचले असते, तर काकांनी त्याच डॉक्टरांना उलट प्रश्न विचारला असता. आणि रक्तदाब खरोखरच कोसळला असता, तर मोठ्या केंद्रात जांघेतून नळी फुप्फुसापर्यंत नेऊन गुठळी ओढून काढणे किंवा छाती उघडून ती काढणे, हे मार्ग होते. दुसरा मार्ग जुना आहे; जर्मनीत मार्टिन किर्शनर यांनी १९२४ साली अशी शस्त्रक्रिया करून रुग्ण वाचवला होता. सारांश, प्रत्यक्ष कागद न पाहता मी न्यायनिवाडा करणार नाही, परंतु आपण लिहिलेल्या हकिकतीत मला हयगय दिसत नाही. डिस्चार्ज कार्डासोबत पहिल्या दोन दिवसांच्या रक्तदाबाच्या नोंदी आणि इकोचा अहवाल मागून घ्यावा. काकांची समजूत त्यानेच पटेल.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी छोटे रुग्णालय चालवतो. सीटीची सोय सर्वांत जवळ म्हणजे ७० किलोमीटरवर आहे. फुप्फुसात गुठळी असल्याची दाट शंका आणि रक्तदाब ७० असा रुग्ण आला, तर सीटीशिवाय हे इंजेक्शन द्यावे काय? — एक डॉक्टर वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर : आपण विचारलेली परिस्थिती हाताळणे शहरातील सहकाऱ्यांना वाटते त्याहून कितीतरी कठीण असते, कारण निदान आणि उपचार दोन्ही एकट्याने आणि एकाच वेळी करायचे असतात.

रक्तदाब कोसळलेला रुग्ण सीटीच्या टेबलापर्यंत पोहोचण्याच्या अवस्थेत नसेल, तर खाटेशेजारी केलेल्या इकोवर निर्णय घेणे आज मान्य आहे. उजवा कप्पा फुगलेला आणि त्याची हालचाल मंदावलेली, पाय सुजलेला किंवा नुकतीच शस्त्रक्रिया वा बाळंतपण झालेले, आणि रक्तदाब उतरण्याचे दुसरे पटण्याजोगे कारण नाही, हे सारे जुळत असेल तर इंजेक्शन देण्याला आधार आहे. इको नसेल तर साध्या सोनोग्राफी यंत्रावर मांडीची व गुडघ्यामागची नीला दाबून पाहावी. दाबल्यावर ती चपटी होत नसेल तर आत गुठळी आहे, असे समजावे. मात्र ईसीजी आधी काढावा. छातीत दुखणे आणि रक्तदाब उतरणे ही लक्षणे महाधमनी आतून चिरत गेल्यानेही होतात, आणि तेथे हे इंजेक्शन म्हणजे मृत्यूच होय. पाठीत सरकत जाणारी फाडल्यासारखी कळ, दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक, हे विचारल्या-तपासल्याशिवाय कुपी फोडू नये. हेपारिनची पहिली मात्रा मात्र, रक्तस्रावाचे कारण नसेल तर, संशय आल्याबरोबर द्यावी. तिच्यासाठी सीटीची वाट पाहणे चूक ठरते.

सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवण्याचा मोहही आवरावा. आधीच फुगलेला उजवा कप्पा त्याने आणखी ताणला जातो. पाव ते अर्ध्या लिटरवर थांबून रक्तदाब टिकवणारे नॉरॲड्रिनॅलिन सुरू करणे श्रेयस्कर.

आपल्याकडे हृदयविकारासाठी ठेवलेले टेनेक्टेप्लेज असेल तर तेच वापरता येते. कुपीत पाणी घातल्यावर ती जोरजोरात हलवू नये, फेस होतो. हातात धरून हळुवार फिरवली की पूड विरघळते. देण्याआधी लागतील तेवढ्या शिरेच्या सुया लावून घ्याव्यात, कारण नंतर टोचलेली प्रत्येक जागा झिरपत राहते. त्यानंतरच्या चोवीस तासांत स्नायूत इंजेक्शन नको, नाकातून नळी नको, वस्तऱ्याने दाढी नको. दर पंधरा मिनिटांनी रुग्णाला नाव विचारावे, दोन्ही हात उचलायला सांगावे, डोळ्यांच्या बाहुल्या पाहाव्यात. एकाएकी डोके दुखू लागले, उलटी झाली किंवा बोलणे अडखळले तर औषध चालू असल्यास ते तत्क्षणी थांबवून मेंदूचा सीटी करण्यासाठी पाठवावे. फुप्फुसातील गुठळीच्या दाट संशयात हृदय बंद पडले आणि इंजेक्शन दिले, तर छाती दाबणे पुढे साठ ते नव्वद मिनिटे सुरू ठेवण्याची तयारी हवी, कारण औषधाला तेवढा वेळ लागतो. हे दोघा-तिघांच्या बळावर होत नाही. म्हणून १०८ च्या रुग्णवाहिकेला आणि पुढच्या केंद्राला फोन इंजेक्शन देण्याआधी जावा.

संमतिपत्राविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. ‘मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो’ हे वाक्य नातेवाइकांना ऐकवावेच लागते आणि त्याचबरोबर, औषध न दिल्यास काय होईल हेही त्याच दमात सांगावे लागते. या आजारात विरघळवणारी औषधे आणि हेपारिन यांची तुलना करणाऱ्या सोळा चाचण्या २०१४ साली एकत्र मोजल्या गेल्या. त्यांत मेंदूतील रक्तस्राव जवळपास दीड टक्का रुग्णांना झाला, केवळ हेपारिनवरच्या रुग्णांत तो ०.२ टक्क्यांच्या आसपास होता आणि पासष्टीच्या पुढे रक्तस्रावाची भीती अधिक होती. शंभरात एक-दोघांना, असे सांगितले की घरच्या वडीलधाऱ्या माणसाला नीट कळते आणि तो सही करताना हात आखडत नाही.

प्रश्न : माझे वय २९ आहे. घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मी बारा दिवस घेतल्या आणि त्यानंतर फुप्फुसात गुठळी होऊन मी बेशुद्ध पडले. इंजेक्शन देऊन मला वाचवले. आता तीन महिने झाले, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. पुन्हा सीटी का केला नाही? गोळ्या कधी थांबतील? पुढे मूल होऊ देता येईल का, आणि पुन्हा असे झाले तर तेच इंजेक्शन लागू पडेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण सावरलात याचा आनंद आहे.

बरे वाटत असताना पुन्हा सीटी करण्याची प्रथा नाही. गुठळीचा एखादा जुना धागा भिंतीला चिकटून राहिलेला दिसला तरी उपचारात फरक पडत नाही, उलट आपल्या वयात छातीला विनाकारण किरणोत्सार होतो. सीटीहून मोलाचा प्रश्न असा, की जिन्याचे दोन मजले चढताना पूर्वीइतका दम टिकतो का? टिकत नसेल, तर तीन महिन्यांनंतर इको आणि त्यावर शंका आल्यास फुप्फुसाचा न्यूक्लिअर स्कॅन करतात. थोड्या रुग्णांत गुठळी विरघळून न जाता तिचा व्रणासारखा पडदा होतो आणि फुप्फुसातील दाब चढा राहतो. त्यावर शस्त्रक्रिया असते, म्हणून तो वेळेवर ओळखावा लागतो. इंजेक्शन मिळाले म्हणून ही शक्यता पूर्णपणे टळते, असे मात्र समजू नये.

गोळ्या निदान तीन महिने घ्याव्याच लागतात. कारण ठळक आणि तात्पुरते असेल तर तीन ते सहा महिन्यांनी त्या थांबवता येतात, आणि आपले कारण त्या प्रकारात मोडते. आपल्या मनाने मात्र एक दिवसही बंद करू नयेत. या गोळ्यांनी पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. संकोचापोटी गोळ्या सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांत बहुधा नोरेथिस्टेरॉन असते आणि मोठ्या मात्रेत घेतल्यास त्याचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात बदलतो, ज्याने रक्त गोठण्याकडे झुकते. औषधाच्या दुकानातून कोणालाही न विचारता आणलेल्या या गोळ्या श्रावण-भाद्रपदात घरोघरी घेतल्या जातात. आपण त्या आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यापुढे कायमच्या टाळाव्यात.

मूल अवश्य होऊ देता येईल. फक्त दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटावे, कारण वॉरफरिन किंवा आजच्या नव्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. त्यांच्या जागी हेपारिनची छोटी इंजेक्शने पोटाच्या त्वचेखाली घ्यावी लागतात. हेपारिन वारेतून बाळापर्यंत पोहोचत नाही. आपल्यासारख्या रुग्णाला ती गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत सहसा देतात. गरोदर स्त्रीला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याची वेळ आईच्या जिवावरच बेतले तर येते, पण तशी वेळ आल्यास गर्भार असणे ही आडकाठी मानत नाहीत.

शेवटच्या शंकेसाठी आपल्या डिस्चार्ज कार्डावर औषधाचे नाव पाहा. आल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज असेल तर गरज पडल्यास पुन्हा देता येते. स्ट्रेप्टोकायनेज असेल तर शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात, दुसऱ्या वेळी ते निकामी ठरू शकते आणि ॲलर्जीची प्रतिक्रियाही येऊ शकते, म्हणून ते पुन्हा देत नाहीत. औषधाचे नाव आणि तारीख एका कार्डावर लिहून पर्समध्ये ठेवावी.

प्रश्न : सासूबाईंच्या डाव्या पोटरीत गुठळी आहे. डॉक्टर फक्त गोळ्या देत आहेत. फुप्फुसात जाण्याआधीच, पायात असतानाच इंजेक्शन देऊन ती का विरघळवत नाहीत? त्या रोज लसूण खातात आणि रात्री पोटरीला कोमट तेल लावून चोळून घेतात, त्याने फायदा होईल का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : पायातील गुठळीने एरवी जिवाला तातडीचा धोका नसतो, त्यामुळे ती विरघळवण्यासाठी मेंदूतील रक्तस्रावाची जोखीम पत्करणे परवडत नाही. जांघेतून किंवा गुडघ्यामागून नळी घालून औषध थेट गुठळीत सोडण्याचा प्रयोगही झाला आहे. अमेरिकेतील ६९२ रुग्णांच्या २०१७ सालच्या चाचणीत त्याने पाय पुढे कायम सुजत राहण्याचे प्रमाण घटले नाही, रक्तस्राव मात्र वाढले. गुठळी पोटापर्यंत चढून संपूर्ण पाय निळा पडू लागला आणि तो गमावण्याची वेळ आली, तर हा मार्ग धरतात. सासूबाईंच्या पोटरीतील गुठळीला गोळ्या पुरेशा आहेत. डॉक्टर योग्य तेच करत आहेत.

भाजी-आमटीतल्या लसणाला हरकत नाही. कच्च्या पाकळ्या मुठीने किंवा लसणाच्या कॅप्सूल मात्र या गोळ्यांबरोबर नकोत. गुठळी त्याने विरघळत नाही, हिरड्यांतून रक्त येण्याची शक्यता मात्र वाढते.

पोटरी चोळणे आजपासून बंद करावे. ताजी गुठळी शिरेच्या भिंतीला सैलसर चिकटलेली असते आणि चोळल्याने ती सुटू शकते. तेलाची वाटी काही आठवडे फडताळात राहू द्यावी. त्यांनी घरात हिंडायला मात्र अजिबात हरकत नाही, हिंडावेच. आणि उठता-बसता एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली किंवा भोवळ आली, तर सकाळची वाट न पाहता, सीटी आणि इको दोन्ही असलेल्या रुग्णालयात न्यावे. जाताना गोळ्यांची पट्टी सोबत घ्यावी, कारण शेवटची गोळी किती वाजता घेतली हा तेथे विचारला जाणारा पहिला-दुसराच प्रश्न असतो आणि इंजेक्शनाचा निर्णय त्याच्याशीही बांधलेला असतो.